रक्सोलिटिनिब सुरू करताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, आणि वहिनींनाही वाचता यावं म्हणून हे लिहितोय. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे तुझ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

ट्रान्सप्लांटमध्ये मिळालेल्या भावाच्या मूळपेशींनी तुझा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, रोखला, पण त्याच पेशी आता तुझ्या त्वचेला आणि तोंडाच्या अस्तराला परकं समजून त्यांच्यावर उठल्यात. स्टेरॉइडने पुरेसा गुण आला नाही, म्हणून रक्सोलिटिनिब. त्या पेशींना चेतवणारे संदेश ते दाबतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, असाच त्रास असलेल्या ३२९ रुग्णांच्या चाचणीत २४व्या आठवड्याला याने जवळपास निम्म्यांना उतार पडला होता, इतर उपचारांवरच्यांत सुमारे एक चतुर्थांश लोकांना. तेव्हा दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तरी खचू नकोस.

१० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. जेवणाआधी घे नाहीतर नंतर, वेळ मात्र ठरलेली असू दे. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी एकच घ्यायची, दोन नाही. बरं वाटलं म्हणून ती स्वतःहून बंद करायची नाही. स्टेरॉइडही नाही, ते डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

मला खरी धास्ती आहे ती पाहुण्यांची. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी घेऊन येईल: गुळवेलीचा काढा, कुणाची तरी पावडर. अरे, तुझ्या अंगातली प्रतिकारशक्तीच तर तुझ्यावर उलटलीय! तिला आणखी चिथवायचं कशाला? शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. वहिनींनी सरळ नाही म्हणावं, वाईटपणा माझ्यावर ढकलावा.

पपनस आणि ग्रेपफ्रूटही बंद, त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. बुरशीसाठीच्या फ्लुकोनॅझोलनेही ते वाढतं, म्हणून कुणीही नवी गोळी लिहिली की आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचार. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, चुकवू नकोस. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स या औषधाने उतरतात. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग उठले किंवा जिना चढताना धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

तापाचंही तसंच. १००.४ फॅरनहाइट दिसला की मध्यरात्र असली तरी फोन कर, क्रोसिन घेऊन झोपू नकोस. आपल्याकडे क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात निद्रिस्त असतात आणि या औषधाने ते जागे होऊ शकतात. लांबलेला खोकला, रोज संध्याकाळची कणकण, उतरणारं वजन हे लपवू नकोस. नागीण उठल्यासारखे दुखरे फोड आले तर त्याच दिवशी दाखव. उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, टोपी घाल. कडक उन्हाने त्वचेचा त्रास भडकतो.

पुढच्या खेपेला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेव. सीबीसीचा रिपोर्ट आला की मला पाठव, रात्री कितीही वाजलेले असोत.

तुझा,
जुना बाकमित्र