भिंतीवरचा फोटो लग्नाचा नाही

दिग्रस तालुका,
१८ जानेवारी २०२६

चि. मोनू हीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नासाठी तू पाठवलेलं नागपूरच्या फोटोग्राफरचं पॅकेज मी तीनदा वाचलं. बाबांना एकदाच वाचून दाखवलं, तेही अर्धंच. १ लाख १० हजारांवर आले तशी ते उठून गोठ्यात गेले. जाता जाता म्हणाले, "काऊन बाप्पा, फोटो का खायाचे हायेत?" तिकडे तू रुसलीस, इकडे ते रुसले, अन् मधात मी. फोनवर बोललं की रडारड होते, म्हणून लिहायला बसले. आज रविवार, अंगणवाडीला सुटी.

सोयाबीन अतिवृष्टीत गेलं, ते तुला माहीतच आहे. राहिला कापूस. २०२५-२६ च्या सरकारी खरेदीत लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८११० चा भाव ठरला, पण ओलावा ८ टक्क्यांच्या वर निघाला की त्या मानानं कापतात. आपल्याला क्विंटलमागे ७८६६ पडले. म्हणजे तुझं पॅकेज झालं १४ क्विंटल कापसाचं. नाल्याकाठच्या तीन एकरांत यंदा तेवढा निघालाही नाही. टोमणा मारत नाही ग. बाबा गोठ्यात कशाला गेले, ते तुला कळावं म्हणून सांगते.

तरी फोटोग्राफर चांगलाच पाहिजे, हे माझंही म्हणणं आहे. का, ते आजपर्यंत तुला सांगितलं नव्हतं.

देवघराशेजारच्या भिंतीवर आमचा हार घातलेला फोटो आहे ना, तो लग्नाचा नाही. आमचं लग्न १९९७ चं. तालुक्याच्या एका फोटोग्राफरला सांगितलं होतं, दोन रोल, ३६-३६ चे. हळदीचा रोल बरा निघाला. लग्नाचा रोल कॅमेऱ्यात नीट अडकलाच नव्हता. तो बटण दाबत राहिला, फ्लॅश उडत राहिला, आत फिल्म होती तिथंच. अंतरपाट, सप्तपदी, कन्यादान, सगळं गेलं. त्यानं महिनाभर "धुवायला टाकले" म्हणून चालवलं. शेवटी आम्हा दोघांना स्टुडिओत बोलावलं, शालू नेसवला, प्लॅस्टिकचे हार घातले अन् मागे डोंगर-नदीचा पडदा सोडला. नीट पाह्य एकदा, माझ्या हातावर मेंदी नाही. बाबांच्या पायात चप्पल आहे. मुंडावळ्या त्यानंच कुठूनतरी आणल्या होत्या, त्या बाबांच्या कपाळावर वाकड्या बसल्यात. लोक पाहतात अन् म्हणतात, "छान आला जोडीचा फोटो." मी हो म्हणते.

म्हणून मागच्या आठवड्यात मी फोटोग्राफरांकडे गेले, तेव्हा पहिला प्रश्न हाच केला, "रोल अडकला नाही तर?" पोरगा हसला. म्हणाला, "काकू, आता कॅमेऱ्यात दोन कार्डं राहतात, एकाच वेळी दोन्हीवर फोटो पडतो." मी म्हटलं, काढून दाखव. त्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडून दाखवलं. दुसऱ्या दुकानात विचारलं, तर कॅमेरा एकाच कार्डाचा निघाला. त्याला नमस्कार केला अन् उठले.

दुसरा प्रश्न होता, लग्नात तू स्वतः येशील का पोट्टा पाठवशील? तारीख दाट असली की हे लोक तीन-तीन लग्नं घेतात. दुकानातला अल्बम मालकानं काढलेला असतो, अन् मांडवात येतो परवा कामाला लागलेला भाचा. तिसरं, अल्बम नको, पूर्ण डेटा कधी देतो? जाड पानांच्या करिझ्मा अल्बमचे दोन नग त्या पॅकेजात २४ हजारांना धरलेत. अल्बम काय, दिवाळीला करता येईल, पुढच्या वर्षीही करता येईल. फोटो मात्र त्याच दिवशी काढावे लागतात. पैसे तिथं घालू.

आता तुझ्या यादीतलं काय कापायचं, ते लिहिते. रागावू नको.

प्री-वेडिंग. मार्चमध्ये सहस्रकुंडाला जायचं म्हणतेस. धबधबा पावसाळ्यात पाहायचा, मार्चात काळे दगडच जास्त. त्या दगडांवर लाल गाऊन पसरून बसायचे २० हजार? मला पटत नाही. तुम्हा दोघांचं मन असेल तर तुमच्या पगारातून करा, मी मधे येणार नाही. ड्रोन तर नकोच. मांडवाच्या वरून मांडवाचं कापड दिसेल, दुसरं काय? अन् मंगलाष्टकात डोक्यावर घरघर.

कापडावरून आठवलं, हे फुकटातलं आहे पण सगळ्यात मोठं आहे. मांडववाला लाल-पिवळं कापड लावतो. खाली बसलेल्या सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे येतात, कोणी कावीळ झाल्यासारखा, कोणी दारू प्यायल्यासारखा. वर पांढरं कापड लावायचं मी सांगून ठेवलं, भाडं तेवढंच आहे. अन् स्टेजच्या मागे तो चमकणारा एलईडी पडदा नको. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर आयांचे चेहरे घेऊन घेऊन मला एवढं कळलं आहे, पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो अन् ॲप परत परत मागतं. फोटोग्राफरनंही तेच सांगितलं, वर म्हणाला की पडद्याच्या पट्ट्या फोटोत उमटतात.

मुहूर्त सायंकाळी ६.२० चा आहे. आपल्याकडची वरात पाहता लग्न आठला लागेल हे धरून चाल. मे महिन्यात दिवस मावळतो पावणेसातच्या सुमारास. म्हणून तू पाच वाजता तयार पाहिजेस. पाच ते सहा, मागच्या कडुनिंबाखाली तुझे एकटीचे, बाबांसोबतचे, मामांसोबतचे फोटो उरकून घ्यायचे. पार्लरवाली उशिरा आली तर हाच तास जाईल, तिला दोनलाच बोलाव.

आता खरं काम. विहीणबाईंना मी परवा फोन केला. धाकधूक होती, कारण आपल्याकडची रीत दोन फोटोग्राफरांची, नवरीकडचा वेगळा अन् नवरदेवाकडचा वेगळा. दोघं स्टेजवर एकमेकांना कोपरं मारतात अन् दोघांच्याही फोटोत दुसऱ्याची पाठ येते. तुझ्या मावशीच्या पोरीच्या लग्नात पाहिलंस ना. मी आडून सुरुवात केली, उन्हाळ्याचं, पाण्याचं. मग म्हटलं, "बाई, दोन साधे करण्यापेक्षा एकच चांगला करू, खर्च अर्धा-अर्धा." त्या थोड्या वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मग आमच्या पाहुण्यांचे फोटो कोण काढंन? तो तर तुमच्याच मानसाइले ओयखते." बरोबरच होतं त्यांचं. तर असं ठरलं की दोन्हीकडून वीस-वीस घरांची यादी करायची. आपल्याकडून आत्या अन् त्यांच्याकडून त्यांची मोठी जाऊ फोटोग्राफरजवळ उभ्या राहतील, नावानं हाका मारतील अन् पंगत बसायच्या आत ग्रुप फोटो संपवतील. आत्याला हे काम म्हणजे मानच झाला. अक्षता पडताना मोबाइल घेऊन कोणी पुढे आलं तर मागे ओढायचं कामही तिनं आपणहून घेतलं.

हिशेब असा बसला. दोन कार्डांवाला स्वतः आठ तास, २२ हजार. त्याचा साथीदार स्टेजवर, ८ हजार. व्हिडिओला तालुक्याचाच माणूस, १४ हजार. पेट्रोल-पाण्याचे २ हजार. झाले ४६. अर्धे त्यांचे, आपले २३. हळदीला सकाळी व्हिडिओवालाच दोन तास येईल, ३ हजारांत. म्हणजे आपल्या वाट्याला २६. तेवढे कापसाच्या चुकाऱ्यातून निघतात, बचत गटातून उचलायची गरज नाही. लग्नासाठी गटातून उचललेले कसे फेडावे लागतात ते मी बायांच्या पासबुकात पाहते, म्हणून ती वाट नकोच.

इसार ५ हजार सांगितला आहे. त्याच्याकडून कागदावर लिहून घेणार आहे : कोण येणार, किती वाजता, तास कुठून मोजायचे, सगळे फोटो तीस दिवसांत पेन ड्राइव्हवर. तू एक पेन ड्राइव्ह पुण्याला ठेव, एक इथं माझ्या कपाटात. त्यानं काढलेल्या एका लग्नाचे पूर्ण फोटो मी पाहिले, निवडलेले दहा नाही. तुलाही लिंक पाठवायला सांगितलं आहे. अंधारात काढलेले नीट पाह्य अन् शुक्रवारपर्यंत हो-नाही कळव. आवडलं नाही तर स्पष्ट सांग, मी दुसरा शोधते.

तुझी,
आई

ता. क. बाबांना आकडा अजून सांगितला नाही. त्यांचा फोन आला तर २६ म्हणू नको, "वीसच्या थोडं वर" म्हण. अन् कोट शिवायला त्यांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत.