आपला बेस लाल झाला

गंगापूर रोड, नाशिक
कोजागिरी पौर्णिमा

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

आपला बेस गिटार तयार झाला! परवा रात्री तारा चढवल्या, तेव्हापासून तुला कधी एकदा सांगतोय असं झालंय. फोनवर एवढं बोलणं झालं नसतं, म्हणून पत्र.

कॉलेजात असताना दोघांनी मिळून नऊ हजारांचा तो काळा बेस घेतला, पण जीव जडला होता फेंडर कंपनीच्या साठच्या दशकातल्या जॅझ बेसवर. तेच रूप याला द्यायचं मी ठरवलं. मनात सनबर्स्ट होता, कडा काळ्या आणि मध्ये मधाळ पिवळा. जुना रंग काढायलाच तीन रविवार गेले. पॉलिएस्टरचा तो जाड थर पॉलिश पेपरला दाद देईना. शेवटी हीट गननं तापवून पट्टीनं सोलून काढला. खाली निघालं चार तुकडे चिकटवलेलं फिकट लाकूड, सांधे स्पष्ट दिसणारं. सनबर्स्टमधून तर लाकूड दिसतं, म्हणजे तो बेत तिथेच संपला. दोन दिवस मी त्याला हात लावला नाही रे.

मग आठवलं, फेंडरवाले एकरंगी वाद्यांना मोटारींचेच रंग वापरायचे, ड्युपॉन्ट कंपनीचे. त्यांचा 'फिएस्टा रेड' हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा रंग. मग काय, बेस उचलला आणि वडाळा नाक्याजवळ एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, तारेनं छताला टांगला आणि एखाद्या गाडीचा दरवाजा असावा तसा कामाला घेतला. पुट्टी, प्राइमर, रंगाचे तीन हात, वर क्लिअर. लाल जमायला मात्र वेळ लागला. हा लाल कुंकवाचा नाही, शेंदराकडे झुकलेला आहे. चाचा थेंब थेंब नारिंगी घालत पत्र्याच्या तुकड्यावर मारायचे, उन्हात नेऊन बघायचे, पुन्हा मान हलवायचे. चौथ्या तुकड्याला आम्ही दोघं एकदमच 'हा!' म्हणालो.

मानेच्या टोकाचा हेडस्टॉकही त्याच रंगात केला, त्या काळच्या रंगीत जॅझ बेसना असायचा तसा. चाचांचा मुलगा म्हणाला, कंपनीच्या नावाचा स्टिकर मिळतो, लावून देऊ का? मी नको म्हटलं. रूप हौसेनं घेतलं, पण दुसऱ्याचं नाव लावायला मन धजेना. तुलाही ते आवडलं नसतं.

तारांखालच्या अंगावरचा पत्रा, म्हणजे पिकगार्ड, कासवाच्या पाठीच्या नक्षीचा बसवलाय. स्क्रूसाठी भोक पाडताना ड्रिल घसरलं आणि तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडाला. काळजात चर्र झालं. चाचांनी बारीक ब्रशनं भरून दिलाय, तिरप्या उजेडातच दिसतो. मानेच्या टोकाला तारा टेकतात तो प्लॅस्टिकचा नट काढून हाडाचा घातला, तारांचा आवाज पकडणारे पिकअपही बदलले, आता अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांचे आहेत. मोकळी ई तार वाजवली की टेबलावरचा स्टीलचा पेला थरथरतो.

आणि खरी गोष्ट आता सांगतो. कंट्रोलच्या खाचेत, आवाजाच्या बटणाच्या पॉटखाली, तू कंपासच्या टोकानं कोरलेलं सापडलं, 'समीर-निखिल, पहिलं गॅदरिंग'. मला कधी बोलला नाहीस! चाचांना सांगून ती खाच झाकून ठेवली, तिथे अजून जुना काळाच आहे. पिकअपमधली विजेची गुणगुण थांबावी म्हणून पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवायची असते. सगळीकडे लावली, तेवढी जागा सोडली. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण जवळजवळ बंद होते. एक खाली घेतला की बारीक ऐकू येते. येऊ दे.

दिवाळीला येतोयस ना? तुझा अँप घेऊन ये, माझ्या छोट्या अँपला ही ई झेपत नाही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
निखिल