थंडीने वाचवलेल्या विजेचे पैसे तुम्हाला का?

सोलापूर, दि. 12 मे 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: ऊर्जा व्यवस्थापन यंत्रणेपोटी घेतलेल्या ‘बचत हिश्श्या’ची चुकीची आकारणी

महोदय,
स.न.वि.वि.

नवी पेठेतल्या आमच्या इमारतीत खाली आणि पहिल्या मजल्यावर कापडाचं दुकान आहे, वर भाड्याने दिलेली ऑफिसं. मागच्या दसऱ्यानंतर तिथे वीज वाचवण्यासाठी एसी वगैरे आपोआप चालू-बंद करणारी आपली यंत्रणा बसली. करार असा, की यंत्रणेचे पैसे आत्ता द्यायचे नाहीत. दरमहा जी वीज वाचेल, तिच्या किमतीतला 30 टक्के हिस्सा आपला. बचत मोजायची कशी, ते करारात एका ओळीत उरकलं आहे: ‘आधारभूत वापराच्या तुलनेत’. हा आधार कुठला, हे मी सही करताना विचारलं नाही. तेवढी चूक माझी.

डिसेंबरचा आपला हिशोब आला. आधारभूत वापर 7,400 युनिट, प्रत्यक्ष वापर 4,100, बचत 3,300. युनिटमागे 15 रुपये धरून 49,500 रुपये आणि त्यात आपला हिस्सा 14,850. मी मुकाट्याने भरला. मुकाट्याने कसला, 45 टक्के बचत झाली म्हणून शेजारच्या दुकानदारांना मोबाइलवर आपलं ॲप दाखवत हिंडलो.

मार्चअखेरीच्या हिशोबासाठी जुनी वीजबिलं काढली, तेव्हा 7,400 चा उलगडा झाला. ती 2024 च्या एप्रिल-मेची सरासरी आहे. अहो, सोलापूरचा मे आणि सोलापूरचा डिसेंबर! मे महिन्यात आमचे 15 च्या 15 एसी दिवसभर दम खात नाहीत. डिसेंबरात निम्म्यांवरची धूळसुद्धा हलत नाही. 2023 च्या डिसेंबरात, आपली यंत्रणा नसताना, आमचा वापर 4,350 युनिट होता. म्हणजे खरी बचत 250 युनिटांची, 3,750 रुपयांची. तेवढ्या बचतीपोटी आपण आमच्याकडून 14,850 रुपये घेतलेत. बाकीची वीज थंडीने वाचवली आणि थंडी हिस्सा मागत नाही.

हे नजरचुकीने झालं असेल, असं मीही धरून चाललो होतो. पण एप्रिलचा वापर 7,150 भरला, बचत जेमतेम 250 युनिट दिसली आणि लगेच आपल्या प्रतिनिधींचा फोन आला: “यंदा ऊन जास्त होतं साहेब, तापमानाची दुरुस्ती करून बचत जास्त धरावी लागेल.” म्हणजे अशी दुरुस्ती करता येते, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग डिसेंबरात ती कुठे गेली होती?

दोन्ही महिन्यांत 250 च का, तेही सांगतो. दुकान बंद झाल्यावरही वीज जळते, हे आपल्या ॲपनेच दाखवलं आणि त्याबद्दल मी खरंच आभारी आहे. बाहेरचा बोर्ड आणि वॉटर कूलर मिळून 700 वॉट, रात्री 10 ते सकाळी 10 असे 12 तास, 30 दिवस. झाले 252 युनिट. आता ते टायमरवर बंद होतात. हा टायमर आमच्या इलेक्ट्रिशियननेही बसवून दिला असता.

मोठी बचत एसीत व्हायला हवी होती. ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो, की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. आमची पोरं 20 वर ठेवायची, आपण 24 वर बांधून दिलंत. ते उत्तम. पण पहिल्या मजल्यावर आपण जो सेन्सर लावला, त्याला फक्त हालचाल कळते. आमच्याकडे बस्ता बांधायला आलेली मंडळी गादीवर दोन-दोन तास मांडी घालून बसतात. एप्रिलच्या भर दुपारी अक्कलकोटहून आलेलं 12 जणांचं कुटुंब शालू बघत बसलेलं आणि खोलीत कोणी नाही असं समजून एसी बंद! नवरीची आजी पदराने वारा घेत होती. त्या दिवसापासून पोरांनी सगळे एसी रिमोटवर घेतले, ते अजून तसेच आहेत. हे मी लपवत नाही. पण सेन्सरची तक्रार तीनदा नोंदवूनही माणूस आला नाही.

त्यात मार्चमध्ये वीज जाऊन आल्यावर आपल्या कंट्रोलरने सगळे एसी एकदम पूर्ण जोरात चालू केले. मीटर कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेला सर्वांत जास्त विजेचा भार, अर्ध्या तासाच्या सरासरीने नोंदवतो, त्यामुळे क्षणाचा झटका चालून गेला असता. हे एसी तासभर तसेच चालले. आम्हाला मंजूर भार 40 केव्हीए (भार मोजायचं एकक), नोंद 44. वरच्या चारांचा आकार दंडाच्या दराने लागला.

तरी नोव्हेंबरपासूनचे सगळे हिशोब आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या युनिटांशी ताडून नव्याने करावेत आणि जादा घेतलेली रक्कम परत द्यावी. तापमानाची दुरुस्ती करायची असेल तर ती बाराही महिने करावी आणि तिचं सूत्र लेखी द्यावं. वीज परत आल्यावर एसी थोड्या थोड्या अंतराने चालू व्हावेत अशी सोय करावी, मार्चचा जादा आकार आपण सोसावा आणि गादीवरचा सेन्सर बदलावा. 15 दिवसांत लेखी उत्तर यावं. तोपर्यंत एप्रिलचा हिस्सा मी भरणार नाही.

सोबत 2023 पासूनच्या वीजबिलांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपला,
कापड दुकानदार,
नवी पेठ, सोलापूर