चिऊच्या नळीबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमत नाही. आई, तू मध्येच गप्प होतेस, बाबा 'बरं, बरं' म्हणून फोन परत तुझ्या हातात देतात आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलोय.

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे, चिऊला नीट गिळता येत नाही, म्हणून तिच्या पोटात थेट अन्न सोडायची नळी बसवायचं आम्ही ठरवलंय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तुमचं मत ठाऊक आहे. पोर तोंडाने चार घास खाते, तेवढं एक सुख तरी तिचं काढून घेऊ नका, असं तुमचं म्हणणं. 'मी भरवते ना, तास लागला तर लागू दे,' असंही आई म्हणाली. तू भरवतेस तसं आमच्यापैकी कुणालाच जमत नाही, हे अगदी कबूल. पण घोडं पेंड खातं ते त्या तासापाशीच.

मध्यंतरी तिच्या गिळण्याचा एक्सरे काढला. साधा फोटो नव्हे, चालता एक्सरे. घासात एक्सरेवर दिसणारं बेरियम कालवतात आणि तो जिभेवरून घशात, घशातून खाली कसा उतरतो ते पडद्यावर दिसत राहतं. शिशाचा एप्रन घालून मी शेजारी उभा होतो, चमचाही माझ्याच हातात होता. पातळ घासाचा काळा ठिपका घशामागे आला, जरा थबकला, आणि त्यातली एक बारीक रेघ अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत उतरली. मी चिऊकडे पाहिलं. खोकला नाही, ठसका नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. पुढच्या चमच्यासाठी तिने आ केला होता.

याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. श्वासनलिकेत काही गेलं की आपल्याला ठसका लागतो, तो तिला लागतच नाही. 'आज छान जेवली हो' असं आपण म्हणायचो, त्या दिवशीही थोडं थोडं फुप्फुसात जात होतं. आई, तिचा सारखा उलटणारा न्यूमोनिया हवापालटाने होत नव्हता. टोपी, मोजे, बंद खिडक्या यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तासाचं म्हणाल तर, मुलाचं जेवण रोजच अर्ध्या तासाच्या वर जायला लागलं की डॉक्टर त्याकडे धोक्याची खूण म्हणून बघतात. गिळणं हीच तिच्यासाठी मेहनत आहे. निम्म्या जेवणातच ती दमून जाते आणि उरलेलं दमलेल्या घशातून जातं, म्हणजे आणखी चुकीच्या वाटेने. वजनाचा काटा कधीपासून हललेला नाही. वर फिटची औषधं. ती मोजून द्यायची असतात, आणि निम्मा डोस ओठांच्या कडेने ओघळून रुमालात जातो. मग तुझी सून विचारते, परत देऊ का? मी विचारतो, आत किती गेलं? याचं उत्तर कुणाकडेच नसतं. डोस कमी पडला तर फिट येते, जास्त झाला तर पोर दिवसभर गुंगीत.

बाबा, 'पोट फाडणार का?' असं तुम्ही विचारलं होतंत. नाही. पूर्वी त्यासाठी पोट उघडावं लागायचं. 1979 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मायकेल गॉडरर हे लहान मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की हे एंडोस्कोपी करणारे डॉक्टर यांनी मिळून वेगळी वाट काढली. तोंडातून दुर्बीण जठरात सोडायची, आतल्या दिव्याचा उजेड पोटावर कुठे दिसतो ते बघायचं आणि तिथेच एक लहानसं छिद्र करून नळी ओढून घ्यायची. त्यांचा पहिला रुग्ण काही महिन्यांचं बाळ होतं. म्हातारपणी ज्यांना गिळता येत नाही त्यांनाही आज हीच नळी बसवतात, पण ती निघाली लहान मुलांसाठी. तुम्हाला अशा गोष्टी आवडतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

छिद्र पक्कं भरून आलं की काही महिन्यांनी लांब नळी काढून पोटाशी सपाट बसणारं बटण लावतील. फ्रॉकखाली कळणारही नाही. त्याला आतून पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो, त्याने ते जागेवर राहतं. फुग्यातलं पाणी आठवड्याने एकदा तपासायचं. जेवणाच्या वेळी बटणाला जोडनळी लावायची, सिरिंजने सावकाश अन्न सोडायचं, शेवटी पाण्याने नळी धुवायची. औषधाचंही तसंच, प्रत्येक औषधानंतर पाणी, नाहीतर नळी तुंबते. नंतर अर्धा-पाऊण तास तिला आडवं करायचं नाही. बटण निघून आलं तर मात्र हयगय चालत नाही. छिद्र काही तासांतच मिटायला लागतं, तेव्हा ताबडतोब दवाखाना. एवढंच आहे, आणि आई, तुझा हात शिवणाच्या सुईवर इतका स्थिर असतो की दोन दिवसांत तू आम्हाला शिकवशील.

तिचं तोंड काही बंद होणार नाही. गिळण्याची थेरपी देणाऱ्या बाईंनी सांगितलंय की फुप्फुसं जरा सुधारली की त्या ठरवतील तेवढं दाटसर चाटण, जिभेला चव लागण्यापुरतं, देता येईल. पोट नळीने भरलेलं असेल, त्यामुळे तो चमचा निव्वळ मजेचा. तो तुझ्याच हातचा असू दे. तिने मान वळवली की थांबायचं, 'अजून एकच' म्हणायचं नाही.

आता जरा नावडतं बोलतो. तुझ्या सुनेसमोर तू तसं कधी बोलत नाहीस, पण माझ्याकडे दोन-तीनदा बोललीस. दिवस असताना तिने इतकी धावपळ करायला नको होती, म्हणून. भिंतींना कान असतात आणि आमचं घर लहान आहे. तिने ऐकलंय.

सेरेब्रल पाल्सी कशामुळे होते, हा खल जुनाच आहे. 1861 साली लंडनमध्ये विल्यम लिटल नावाच्या सर्जनने डॉक्टरांच्या सभेत मांडलं की अशा मुलांचे ताठरलेले हातपाय हा अवघड बाळंतपणाचा परिणाम. तो स्वतः लहानपणापासून अधू पायाचा होता. पुढे 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइडने, मनोविश्लेषणामुळे नाव होण्याआधी तो मेंदूच्या आजारांचाच डॉक्टर होता, शंका काढली की कित्येकदा गोष्ट उलटी असेल. बाळाच्या मेंदूत पोटातच काही बिघडलेलं असेल आणि बाळंतपण अवघड जाणं हे त्याचंच लक्षण असेल. त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1980 च्या दशकात मोठे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की जन्मताना गुदमरणं हे एकमेव कारण थोड्याच मुलांत सापडतं. चिऊचा एमआरआय पाहून तिच्या डॉक्टरांनीही सांगितलंय की इजा जन्माच्या आधीची आहे आणि आईच्या चालण्या-फिरण्याने अशी इजा होत नाही. मला हे आता पुन्हा ऐकायचं नाही, आई. माझ्यापाशीसुद्धा नाही.

आणि प्रत्येक फोनवर विचारतेस त्या प्रश्नाचं उत्तर. चिऊ चालणार नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरवलेल्या आहेत, 1997 पासून जगभर तेच माप वापरतात. चिऊ पाचव्या पातळीवर आहे. म्हणजे मान आणि धड सावरायलाही आधार लागतो, खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते. या पातळीवरच्या मुलांची हालचालींतली जी काही वाढ व्हायची ती पहिल्या काही वर्षांतच होऊन जाते, आणि चिऊ सात वर्षांची आहे. मग फिजिओ कशाला, स्प्लिंट कशाला, स्टँडिंग फ्रेम कशाला, तर सांधे आखडू नयेत, हाडांवर वजन पडावं, खुब्याचा सांधा निसटू नये म्हणून. पाचव्या पातळीवरच्या दहांतल्या नऊ मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, म्हणून तो ठरावीक काळाने एक्सरे. अमक्याचा मुलगा कुठल्याशा तेलाने चालायला लागला, अशा बातम्या कृपा करून पाठवू नका. आम्ही दोघंही त्या उघडत नाही, आणि न उघडल्याचंही वाईट वाटत राहतं.

त्यापेक्षा तिला काय येतं ते सांगतो. 'हो' साठी वर बघते, 'नाही' साठी डोळे घट्ट मिटते. समोर चित्रांचा तक्ता धरला की हव्या त्या चित्रावर नजर रोखते. बोलता न येणाऱ्या मुलांना खुणांच्या पाटीवरून बोलतं करण्याचं काम कॅनडात, टोरांटोमध्ये 1971 पासून सुरू झालं. चार्ल्स ब्लिसने सगळ्या जगासाठी म्हणून एक चित्रलिपी केली होती. जगाने ती घेतली नाही, या मुलांनी घेतली. चिऊची पाटी त्याहून साधी, फोटोंची आहे. मात्र तिला वेळ लागतो. डोळे वर न्यायलासुद्धा तिला सगळं अंग गोळा करावं लागतं. आई, तू विचारतेस, 'बाहेर जायचं का गं? हो ना? चला!' तिने वर बघितलेलं असतं, पण तोवर तू तिच्या पायात मोजे चढवत असतेस. प्रश्न विचारून झाला की मनात दहा आकडे मोज. हे सगळ्यांनाच जड जातं. मागच्या आठवड्यात मी असा गप्प उभा असताना माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं आणि ती इतकी हसली की घशातली लाळ ओढून घ्यायला सक्शन मशीन काढावं लागलं. दुसऱ्याची फजिती झाली की ती हसते. विनोदाची जात फार वरची नाही, पण आहे.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं काम आहे. तिला उचलायचं नाही. तुमच्या कंबरेचं मला ठाऊक आहे, आणि माझ्या कंबरेचंही आता तेच व्हायला लागलंय. आम्ही लिफ्टिंग होइस्ट, म्हणजे तिला उचलायचं यंत्र, घेतोय. तुमचं काम घड्याळाचं. फिट आली की घरातले सगळे सैरावैरा होतात आणि किती वेळ झाला ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही फक्त घड्याळ बघायचं आणि दर मिनिटाला मोठ्याने आकडा म्हणायचा. आम्ही तिला कुशीवर वळवतो, मानेजवळचे कपडे सैल करतो. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली तर आपोआप थांबेलच असं धरून चालता येत नाही, म्हणून तुम्ही 'पाच' म्हणालात की नाकात मिडाझोलम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा फवारा. तो फ्रीजशेजारच्या लाल पिशवीत असतो. ॲम्ब्युलन्सला फोनही तुम्हीच करायचा, कारण तुमचा आवाज कापत नाही. माझा कापतो.

दादूबद्दल एकच विनंती. 'आईबाबांनंतर बहिणीला तुलाच सांभाळायचंय' हे त्याला कुणी सांगू नका, लाडानेसुद्धा नाही. तो अकरा वर्षांचा आहे. मागे तुम्ही येऊन गेल्यावर त्याने मला विचारलं की मी होस्टेलवर शिकायला गेलो तर चालेल का, आणि हे विचारताना तो दार बंद करून आला होता. आमच्यानंतरचं आम्ही बघतोय. पालकत्वाची कागदपत्रं, बचत, तिची काळजी घेणारं दुसरं कोण, हे सगळं वकिलाकडे बसून चाललंय, सावकाश चाललंय. दादूला वाटलं तर तो भाऊ म्हणून पुढे येईल. त्याला बुद्धिबळात कुणीतरी हरवणारं हवंय. बाबा, फोनवरून खेळता येतं, तो शिकवेल तुम्हाला.

आम्ही कसे आहोत, असं तू विचारतेस आणि मी 'ठीक' म्हणतो. खरं सांगायचं तर झोपेची बोंब आहे. तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यामुळे रात्री उठून वळवावं लागतं. मध्यरात्रीपर्यंत मी, नंतर तुझी सून. आम्ही नवरा-बायको कमी आणि पाळी बदलणारे कामगार जास्त झालोय. दरवर्षी एक फॉर्म भरून मुलीचं अपंगत्व अजूनही आहे असं लिहून द्यावं लागतं. यंदा तो भरताना दोघांनाही हसू फुटलं. फार दिवसांनी एकत्र हसलो, म्हणून लक्षात राहिलं. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येऊन उभ्या उभ्या परत फिरलो, ते तू मनात ठेवलं नसशील, पण मला ते टोचतं. पुढेही बहुतेक असंच होईल. त्याबद्दल आपण तिघांनी एकदा नीट बोलायला हवं, तुमचं आजारपण, तुमचं घर, कुणी कुठे राहायचं. आता नको, ऑपरेशन पार पडल्यावर.

तर या, पण लगेच नको. पहिला आठवडा ती दवाखान्यात असेल किंवा नुकती घरी आलेली. छिद्राभोवती लाली, थोडा स्राव असणार, आणि तो बघून तू रडशील, मग तुला आवरू की तिला असं होईल. दुसऱ्या आठवड्यानंतर निघा. येताना तुम्हा दोघांच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणा. खोकला-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला, लाजू नका. बाबा, ते मोठ्या काट्याचं घड्याळ हातात घालूनच या, मोबाइलवर वेळ बघण्याचं नाटक नको. आई, तिचे दोन फ्रॉक पुढून बटणांचे शिवशील का? डोक्यावरून घालायचे आता उपयोगाचे नाहीत. मापं तुझी सून पाठवेल.

रविवारी संध्याकाळी फोन करतो. स्पीकर लावून दोघं एकत्र बसा, आणि काही विचारायचं असेल ते लिहून ठेवा.

तुमचा
बाळ्या