अण्णांवर लिहायचं म्हणतेस म्हणून

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. "अण्णांवर लिहावंसं वाटतं, पण आमच्या घरच्या गोष्टी वाचणार कोण?" हे वाचलं आणि उठून अनिल अवचटांची पुस्तकं खाली काढली. दोन दिवस तीच घेऊन बसलेय.

अवचट मूळचे ओतूरचे, जन्म १९४४ चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले, पण मन रमलं माणसांत. बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन आले आणि १९६९ मध्ये 'पूर्णिया' हे पहिलं पुस्तक आलं. मग हमाल, विडी कामगार, देवदासी, भटके-विमुक्त. त्यांच्यात जाऊन बसायचं आणि विचारायचं: ओझं किती, मजुरी किती, दुखतं कुठे? मला तर वाटतं, त्यांची डॉक्टरकी सुटलीच नाही. रोग्याची हकीकत घ्यावी तसे ते लिहीत राहिले.

काल एक गंमत केली. त्यांचं एक पान घेऊन विशेषणांखाली पेन्सिलीने रेघा मारत गेले. पान संपलं तरी रेघा जेमतेम तीन-चार! "भयंकर", "हृदयद्रावक" असलं काही नाहीच. छोटी छोटी वाक्यं, बोलल्यासारखी. आणि तरी वाचताना माझ्या घशात आवंढा आला.

'स्वतःविषयी' लिहायला बसले तेव्हाही त्यांनी आवाज बदलला नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न आता स्वतःला विचारले, एवढंच. म्हणून त्यात ना बढाई, ना रडगाणं. नंदा, मला तुला हेच सांगायचंय गं. घरच्या गोष्टी परक्यांनी का वाचाव्यात, तर लिहिणारा स्वतःच्या घरातही तितक्याच कुतूहलाने शिरलेला असतो म्हणून.

छंदांवरचं त्यांचं लेखन मला जरा सैल वाटतं, ते असो. पण 'गर्द' आठव. व्यसनाधीन मुलांवरचे ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. अवचटांच्या पत्नी सुनंदाताईंनी ते जीव ओतून चालवलं. १९९७ मध्ये कॅन्सरने त्या गेल्या. त्यांच्याविषयी लिहितानाही अवचटांचा सूर चढत नाही, आणि तिथेच मला पुस्तक मिटून ठेवावं लागतं. २०२२ च्या जानेवारीत अवचट गेले, तेव्हा घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

मागे तू फोनवर सांगितलं होतंस, अण्णा रोज रात्री दुकानाचा हिशेब पाकिटांच्या कोऱ्या पाठीवर करायचे आणि जुळला की पेन्सिल कानामागे खोचायचे. तिथूनच सुरुवात कर. ते फार प्रेमळ होते, कष्टाळू होते, हे आत्ता नको लिहूस. पाकीट कुठून यायचं, दिवा कुठे होता, आई तेव्हा काय करत असायची, ते आठवून लिही. आईंना विचार, त्या आहेत तोवर.

पहिली दोन पानं झाली की खाडाखोडीसकट मला पाठव. वाट बघतेय.

तुझीच,
शैला