‘अ’ की ‘ॲन’: सुधाकरला पत्र

वरूड

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

सातवीच्या पोरांना इंग्रजीतलं ‘अ’ आणि ‘ॲन’ जमत नाही, असं तू लिहिलंस. ‘ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन’ हा नियमच अक्षरांवर बेतलेला आहे आणि निवाडा मात्र कान करतो. म्हणून स्पेलिंग आधी दाखवूच नको. तू शब्द बोल, पोरांनी ऐकून देवनागरीत लिहावा. सुरुवातीला स्वर दिसला तर ॲन, व्यंजन दिसलं तर अ. अवर, एफआयआर, एमएलए: ॲन. युनिफॉर्मला य, वन-डे मॅचला व, म्हणून अ.

मराठीतला दाखला फळ्यावर लिहूनच टाक: अनादर, अनावश्यक; पण अशक्य, अयोग्य, अविश्वास. य-व पुढे इथंही नुसता अ. आपला अ नकाराचा, इंग्रजीचा ‘एक’ अर्थाच्या जुन्या ‘आन’मधून आलेला, पण व्यंजनापुढे ‘न’ गळाला आणि स्वरापुढे टिकला, हे दोन्हीकडे सारखं.

आपल्या भागात एक अडचण हमखास येते. एकला ‘येक’ म्हणणारं पोरगं एगला (अंड्याला) ‘येग’ म्हणतं आणि ‘अ येग’ लिहितं. त्याचा तर्क बरोबर आहे, त्याला रागावू नको, उच्चार सुधार. य म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे चढतो. आधी ‘अने, अने, अने’ म्हणवून घे, मग ‘अनेग’. ‘न’ थेट स्वराला चिकटला की य शिरायला जागाच उरत नाही. बोलताना ॲन असाच हलका, ‘अन्’सारखा येतो. आपला ‘अन्’ म्हणजे आणि, तेव्हा हा घोळ पहिल्याच दिवशी मिटव.

या चिकटण्यानं इंग्रजीतले शब्दही बदलले. एप्रन आधी ‘नॅपरन’ होता, ॲडर हा साप ‘नॅडर’. दोघांचा ‘न’ मागच्या ‘अ’नं ओढून घेतला. निकनेमचं उलटं झालं: ‘इकनेम’ म्हणजे जास्तीचं नाव, त्याला ॲनचा ‘न’ जडला. आपल्या संत्र्याचा ऑरेंज मात्र या यादीत घालू नको, बरेच जण घालतात. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज. इंग्रजीत पोचण्याआधीच त्याचा ‘न’ गळाला होता. स्पॅनिशमध्ये तो अजून शाबूत आहे.

पहिल्या तासाला दहाच शब्द घे, त्यांतले पाच फसवे: ऑनेस्ट, अवर, युनिट, युरोपियन, एक्स-रे.

तुझा,
विनायक