टेप लावायला सगळे शिकवतात, काढायची कधी?

संपादक साहेब, स.न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर स्वतः रंगवण्यावर लेख आला होता, छान होता, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितेय. मास्किंग टेप (रंगाची कड सरळ यावी म्हणून लावतात ती कागदी चिकटपट्टी) कुठे लावायची, कडा कशी दाबायची, सगळं होतं, पण ती काढायची कधी यावर एक ओळ नाही! आणि खरी गोची तिथेच होते.

मुलीच्या खोलीत एक भिंत गडद निळी आणि बाकीच्या पांढऱ्या असं ठरलं, कोपऱ्याला टेप लावली, दोन हात मारले आणि म्हटलं नीट वाळू दे, घाई कशाला. चार दिवसांनी टेप ओढली तर तिच्यासोबत निळ्या रंगाचा हातभर पापुद्राच सोलून आला, सापाची कात असते ना तस्सा. नंतर लक्षात आलं की इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळायचा रंग, वाळलं की त्याचा प्लास्टिकसारखा सलग थर होतो, निम्मा भिंतीवर निम्मा टेपवर, मग ओढल्यावर तो कुठून फाटायचं ते आपल्याला विचारून फाटत नाही.

म्हणून शेवटचा हात मारून झाला की रंग बोटाला जरासा चिकट लागतोय तोवरच टेप काढायची, ४५ अंशात, स्वतःवरच उलटी दुमडत, सावकाश. वेळ हुकलीच तर मग पूर्ण वाळू द्या, टेपच्या कडेवरून कटरने हलकीशी रेघ मारा आणि मगच ओढा. ऊन येणाऱ्या खिडकीवरची टेप तर अजिबात दिवसेंदिवस ठेवू नका, गोंद भाजून काचेला बसतो, मग हेअर ड्रायर घेऊन बसा.

बाय द वे, ही टेप १९२५ मध्ये थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी काढली ती गाड्या दोन रंगांत रंगवणाऱ्यांसाठी, कारण तेव्हा ते लोक कागद गोंदाने चिकटवायचे आणि काढताना नवा रंग पण उखडायचा. म्हणजे टेप जन्मालाच आली नीट सुटण्यासाठी, आणि आपण तिला चार दिवस भिंतीवर विसरतो.

अजून एक, टेपखालून रंग झिरपतो अशी सगळ्यांची तक्रार असते. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी जुनाच रंग, म्हणजे माझ्या केसमध्ये पांढरा, एकदा फिरवायचा, झिरपायचा तो तोच झिरपतो आणि फट बुजते, मग वर निळा मारा, रेघ पट्टीने आखल्यासारखी येते. फक्त टेपखालचा रंग ताजा नको, निदान एक दिवस तरी वाळलेला हवा.

पुढच्या पुरवणीत एवढी चौकट टाकाच. (जमिनीवर अंथरायला रद्दी तुमच्याच पेपरची वापरली होती, ती मात्र झकास निघाली.) त्या कोपऱ्यापुढे सध्या कपाट सरकवलंय.

— एक नियमित वाचक